तोकड्या बोटाचा देव

कामाशिवाय चालणारा माणूस गोजाबाईनं जन्मात पाहिला नव्हता. मेंढरांमागं चालणारे पाहिले, बाजाराला चालणारे पाहिले, सासरहून रुसून माहेरी चालत निघालेल्या तर ढिगानं पाहिल्या. पण एखादा खाऊनपिऊन सुखी माणूस सोलापुरातून पायी निघतो, माळावर येतो, दिवसभर गवतातून हिंडतो आणि दिवस कलला की रिकाम्या हातानं परत जातो, हे तिच्या पचनी पडत नव्हतं.

"रिकाम्या हातानं जातंय म्हंजे काय तरी लई मोठं न्ह्यायचं हाय त्याला," असं ती सुनेला सांगे. सून मायाक्का भाकरी थापत हूं म्हणे. सासूच्या संशयाला हूं म्हणणं हा तिच्या संसारातला रोजचाच भाग होता.

म्हणून ज्येष्ठात चनबसप्पा वारल्याची खबर वाडीवर आली, तेव्हा बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून 'आरारा' म्हणाल्या आणि गोजाबाईनं विचारलं, "मरायच्या आधी काय बोलला का?"

"ताप आला हुता म्हणं. दोन दिसांत खेळ आटपला," खबर आणणारा म्हणाला.

"पर बोलला काय?"

काही बोलला नव्हता. गोजाबाईला ते आणखीच खटकलं.

चनबसप्पा सोलापूरच्या चाटी गल्लीतला सुताचा व्यापारी. घरात कानडी, दुकानात विणकरांशी तेलुगू आणि माळावर मराठी अशा तीन भाषा त्याला येत, आणि तिन्हींत तो बेताचंच बोले. गळ्यात चांदीच्या चौकोनात लिंग, कपाळावर विभूतीच्या पट्ट्या, अंगात लांब कोट, खांद्यावर उपरणं. सोमवारी दुकान बंद. पेठेतले बाकीचे वाणी सोमवारी देवदर्शन करून, जेवून, लोडाला टेकून डुलक्या घेत. हा गडी दर्शन झालं की काठी घेऊन उत्तरेचा रस्ता धरी. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी उपरण्याच्या एका टोकाला. दुसरं टोक मोकळं. त्या मोकळ्या टोकाचा किस्सा पुढं येईल.

शहरात त्याला मान होता. ओढ्याकाठच्या हिवरांना कुऱ्हाड लागणार म्हटल्यावर ठेकेदाराच्या दारात हा चार दिवस बसून राहिला आणि झाडं वाचली, असं सांगत. थंडीत मोटारी घेऊन शिकारी येत. ते याला वाट विचारत, आणि हा अत्यंत अदबीनं त्यांना भलत्याच दिशेला पाठवी. लोक त्याला 'माळाचे अप्पा' म्हणत. गोजाबाईच्या मते यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. माळ काय याच्या बापाचा? जो दुसऱ्याच्या वस्तूला एवढा जपतो, त्याच्या मनात ती वस्तू आपली झालेलीच असते. आज ना उद्या हा वाणी कागद दाखवणार आणि मेंढरं हाकलून लावणार, हे ती धरूनच चालली होती.

आणि तो हात! अप्पाचा उजवा हात नेहमी उपरण्याखाली असे. काठी डाव्या हातात. पाण्याचा तांब्या दिला तरी डाव्यानं घेई. गोजाबाईनं मायाक्काला सांगून ठेवलं होतं, "त्या हातात काय तरी हाय. डोळा ठिव."

भांडण मात्र एकदाच झालं, तेही अगदी पहिल्या वर्षी. आषाढ लागला होता, माळ नुकता हिरवा धरत होता. अप्पा तिच्या दारात आला आणि म्हणाला, "गोजाबाई, त्या खळगीत हूम बसलीय अंड्यावर. दसऱ्यापर्यंत तिकडं मेंढरं नेऊ नका."

हूम म्हणजे माळढोक. पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून असा 'हूम' करतो की माळाच्या पलीकडच्या माणसाला वाटावं, कुणी रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलतंय. म्हणून धनगर त्याला हूमच म्हणत. मादी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. ना घरटं, ना काटकी. मेंढरांचा कळप वरून गेला की संपलं.

"पाखरासाटनं माजी मेंढरं उपाशी ठिवू?" गोजाबाई कडाडली.

"उपाशी कशाला? माळ मोठा आहे. एवढा एक तुकडा सोडा."

"हे बघा अप्पा. देवानं सांगितलं तर माजं मेंढरू तितं पाय टाकणार न्हाय. वाण्यानं सांगितलं म्हणून ऐकायला, वाणी माजा कोण?"

अप्पा आल्या पावली परत फिरला. खळगीतलं ते अंडं दुसऱ्याच दिवशी फुटलं.  पण पुढच्या सोमवारी तो बिरोबाच्या ठाण्यापाशी आला आणि त्यानं गोजाबाईपुढं उपरण्याचं मोकळं टोक पसरलं.

"भंडारा द्या थोडा."

ठाण्याचा दिवा लावायचा मान गोजाबाईच्या घरात होता. सासूनं मरताना तिच्या हाती दिलेला. देवापुढची हळद, म्हणजे भंडारा, मागेल त्याला द्यायचा हा तिचा धर्म. तिथं संशयाला जागा नाही. तिनं मूठभर घातला. आता माणूस भंडारा घेतो तो कपाळाला लावायला. यानं लावला नाही. गाठ मारली आणि चालू लागला. मग दर सोमवारी तेच. विभूती लावणाऱ्या लिंगायताला धनगराच्या देवाचा भंडारा कशाला हवा? लावत नाही, खात नाही, पुजत नाही, मग नेतो कुठं? गोजाबाईच्या डोक्यात एकच शब्द आला आणि तो तिनं कानावर हात ठेवून, थुंकून, मगच उच्चारला. करणी.

एकदा तर ती त्याच्या मागावरच गेली. पाणंदीतून, बोरीच्या जाळीआडून, हातात कोयता आणि डोक्यावर नावाला चार काटक्या. अप्पा पुढं, ही मागं. तो ओढ्यापर्यंत गेला, ओढ्याकडनं टेकाडावर गेला, टेकाडावर बसून भाकरी खाल्ली, पुन्हा उठला, पुन्हा ओढ्याकडे आला. वाकला नाही, काही पुरलं नाही, काही उकरलं नाही. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. दिवसभर गोजाबाईच्या पायाचे तुकडे पाडून तो संध्याकाळी थेट तिच्याच दारात येऊन टेकला. ती घराला वळसा घालून मागच्या अंगानं आली आणि आत्ताच आल्यासारखी काटक्या टाकून उभी राहिली.

"लई लांबनं सरपण आणलंत की," अप्पा म्हणाला.

"व्हय. जवळचं संपलंय," ती म्हणाली. आणि रात्रभर विचार करत राहिली की, याला काही कळलं तर नसेल?

त्या भांडणाच्या पुढच्याच पावसाळ्यात वाडीवर नवल घडलं. वाडीचा जाणता ज्ञानबा मेंढरं घेऊन गेला होता, तो धावतच परत आला. गवतात एक दगड उभा होता, काल नव्हता तो, आणि त्यावर पिवळाधमक हात उमटला होता. गोजाबाईला बोलावणं आलं. ठाण्याचा दिवा जिच्या घरी, तिनंच सांगायचं. तिनं दगडाला एक फेरी घातली, वाकून पाहिलं. चार बोटं नीट होती. मधलं बोट मात्र तोकडं. वरचं पेर नव्हतंच.

"बोट असं कसं गं?" कुणीतरी विचारलं.

गोजाबाईनं डोळे मिटले. काय सुचलं कुणास ठाऊक, पण तोंडातून आलं ते अंगावर काटा आणणारं होतं. "आपली मेंढरं मोजून मोजून देवाचं बोट झिजलंय."

बाया रडल्या. बापय माणसांनी पागोटी काढली. बिरोबा माळावर येऊन बसलाय, म्हणून त्या दगडापासून हाकेच्या अंतरात दसऱ्यापर्यंत एकही मेंढरू जाणार नाही, असं तिथंच ठरलं. तेव्हापासून दर पावसाळ्यात देव नव्या जागी बसू लागला. एखाद्या साली दोन ठिकाणीसुद्धा. आसपासच्या वाड्यांवरून लोक नारळ घेऊन येऊ लागले आणि सगळे आधी गोजाबाईच्या पाया पडू लागले. सून, लेक, शेजारीण, तलाठी, वैद्य, वाणी, सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या या बाईनं त्या हातावर मात्र कधी संशय घेतला नाही. देवावर कोण घेतं?

आणि या साली देव बसला नाही.

आषाढ सरला. गवत गुडघ्याला आलं. दगड नाही, हात नाही. गडी माणसं माळ पालथा घालून आली. मग ज्ञानबा एका सकाळी गोजाबाईच्या ओट्यावर येऊन बसला, तंबाखू मळली आणि तिच्याकडं न बघता म्हणाला, "देव रुसलाय, वयनी. दिव्यात काय तरी चुकलं आसंल. पोळ्यापतुर वाट बघू. न्हाय बसला, तर दिवा दुसऱ्या घरात द्यावा लागंल."

"कुणाच्या?"

"बघू की," ज्ञानबा म्हणाला. कुणाच्या ते गोजाबाईला ठाऊक होतं. ज्ञानबाची बायको बाळाबाई ठाण्यापुढून जाताना त्या दिव्याकडं जशी बघायची, तशी गोजाबाई बाजारात नव्या लुगड्याकडं बघे.

मेंढरं लेकाची झाली होती, चूल सुनेची झाली होती. गोजाबाईचं म्हणावं असं जगात त्या दिव्याएवढंच उरलं होतं. तो गेला तर ती घरातली एक खोकणारी म्हातारी, एवढंच. तिची झोप उडाली. मायाक्कानं विटाळात दिव्याला हात लावला असेल, बाळाबाईनं तेलात काही मिसळलं असेल, असं करत करत संशय शेवटी जागेवर येऊन थांबला. वाणी! इतकी वर्षं भंडारा नेला त्यानं. त्या भंडाऱ्यात देवाला बांधून ठेवला आणि मेला तेव्हा बरोबर घेऊन गेला. नाही तर तो ज्येष्ठात मरतो काय आणि देव आषाढात नाहीसा होतो काय!

श्रावणातल्या एका सोमवारी सोलापूरची मंडळी माळावर आली. टांगे ओढ्याअलीकडं थांबले आणि सगळे चिखल तुडवत ठाण्यापाशी पोचले. अप्पाची आठवण करायची, तर त्यांच्या आवडत्या माळावर करू, असं त्यांनी ठरवलं होतं. अप्पाचा चुलतभाऊ वीरभद्रप्पा पुढं झाला. गोरा, जाड, बोलण्याची हौस असलेला. अप्पा कसे पाखरांचे मायबाप होते, अप्पा कसे एका झाडासाठी उपाशी राहिले, हे त्यानं घसा भरून येईपर्यंत सांगितलं. मग म्हणाला, "त्यांच्या नावानं आम्ही इथं एक दगडी चौथरा बांधणार आहोत."

गोजाबाईचे कान टवकारले. आज चौथरा. उद्या त्यावर छप्पर. परवा एक जंगम पुजारी येऊन राहील, तेरवा भिंत, आणि मग मेंढरं बाहेर. मेला तरी वाण्यानं डाव सोडला नाही.

गर्दीत एक बाई होती. साधं इरकली लुगडं, कपाळाला विभूती, काखेत एक गाठोडं घट्ट धरलेलं. ती भाषण ऐकत नव्हती. ती वाडीवरच्या बाया बघत होती. एकेकीला पायापासून डोक्यापर्यंत, तोंडाशी थांबत, मग पुढची. चोराची पावलं चोराला ठाऊक. ही बाई संशयानं बघतेय, हे गोजाबाईनं तेव्हाच ओळखलं. ती चनबसप्पाची बायको नीलम्मा होती.

भाषण संपून बापय माणसं ज्ञानबाच्या ओट्यावर दूध प्यायला गेली, तशी नीलम्मा गोजाबाईजवळ आली.

"आमच्या ह्यांच्या ओळखीची बाई हितं कोण आहे?"

"मी हाय की. दर सोमवारी माज्याच दारात याचे. पर आदी तुमी सांगा," गोजाबाईनं कंबरेवर हात ठेवले, "माजा भंडारा कुटं नेत हुते तुमचे मालक?"

"काय?"

"भंडारा. देवाची हळद. दर सोमवारी मूठभर. काय केलं तिचं?"

नीलम्माचा चेहरा दगडासारखा झाला. "मी तेच विचारायला आले," ती म्हणाली. "दर सोमवारी ह्यांच्या धोतराला हळद. कोटाच्या खिशाला हळद. नखांत हळद. घरातनं तेलाची बुधली घेऊन जायचे, ती रिकामी आणायचे. हळद आणि तेल! माणूस हळद आणि तेल घेऊन कुणाकडं जातो, अक्का? मी काय खुळी आहे? एकदा विचारलं, तर म्हणाले, देवाचं काम आहे. म्हटलं, लिंगायताचे हात पिवळे करणारा हा देव कुठला?" तिनं काखेतलं गाठोडं पुढं केलं. आत भंडाऱ्याची पिशवी होती आणि तेलाची बुधली. "हे त्या बाईच्या तोंडावर फेकायला आणलंय. तुमीच का ती?"

गोजाबाईला कळायला जरा वेळ लागला. कळलं तशी ती उसळली. "आगं, माजं वय बघ की!"

"तेव्हा तर एवढं नव्हतं," नीलम्मा म्हणाली.

राग येऊन हसू यावं आणि हसू येऊन राग यावा अशी गत. गोजाबाईनं तिचा दंड धरला. "चल. दावते तुला तुज्या नवऱ्याची करणी. माजा देव कसा पळवलाय त्यो बघ."

दोघी माळाला लागल्या. गेल्या साली देव बसला होता तो दगड टेकाडाच्या उतरणीला होता. एका अंगाला कललेला, त्यामुळं आतल्या बाजूला पाऊस लागला नव्हता. हळद फिकी झाली होती, तरी हात स्पष्ट होता.

"हितं बसायचा देव," गोजाबाई म्हणाली. "बघ बोट. मेंढरं मोजून मोजून..."

नीलम्मा पुढं झाली. वाकली. मग तिनं आपला हात उचलून त्या पिवळ्या हातावर ठेवला, बोटावर बोट, आणि तोकड्या बोटापाशी येऊन थांबली.

"हे आमच्या ह्यांचं बोट आहे," ती म्हणाली.

"तोंड सांभाळ. देवाचं हाय त्ये."

"लहानपणी वखारीत गठ्ठ्याखाली चेंगरलं होतं. लाज वाटायची त्यांना. चारचौघांत हात उपरण्याखाली धरायचे. अक्का, तीस वर्षं मी या हाताला वाढलंय. मला ओळखू येणार नाही?"

हात उपरण्याखाली. काठी डाव्या हातात. तांब्या डाव्या हातानं. गोजाबाई दगडापुढं खाली बसली. वीस-पंचवीस हातांवर दुसरा एक जुना दगड दिसत होता, पलीकडं ओढ्याच्या बाजूला तिसरा. प्रत्येक जागी तिनं नारळ फोडला होता. आणि मग तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, दारातून कडाडलेला. देवानं सांगितलं तर माजं मेंढरू तितं पाय टाकणार न्हाय. वाण्यानं तेवढंच ऐकलं होतं. बाकी सोडून दिलं होतं.

"फशिवलं," ती म्हणाली. "मला फशिवलं मुडद्यानं. माज्याच हातचा भंडारा, माज्याच देवाचं नाव, आन मी वाण्याच्या हाताला साष्टांग घालत हुते! वाडीला सांगते आत्ता जाऊन. समद्यांना सांगते."

तिचा राग खोटा नव्हता. देवाशी तिचं नातं साधं होतं, आणि कुणीतरी न विचारता मध्ये येऊन बसलं होतं. शिव्या देता देता तिनं नीलम्माकडं पाहिलं. ती दगडाला टेकून रडत होती, आवाज न करता.

"सोमवारी संध्याकाळी मी त्यांना वाढून पाठ फिरवून बसायची," नीलम्मा म्हणाली. "जेवेपर्यंत बोलायची नाही. शेवटच्या सोमवारीसुद्धा."

गोजाबाई सरकून तिच्याजवळ बसली.

तेवढ्यात माळावरून तो आवाज आला. हूम. रांजणात बोलल्यासारखा, छातीत घुमणारा. दोघींनी माना वळवल्या. उतरणीच्या खाली, विरळ गवतात, एक उंच पाखरू मान ताठ करून उभं होतं. ती मादी होती; आवाज करणारा नर लांब कुठं गवतात असावा. ती चार पावलं चालली, थांबली, इकडंतिकडं बघितलं, आणि पुन्हा तिथंच येऊन हळूच खाली बसली.

"पाखरू रिकामं हितनं तितं करत न्हाय," गोजाबाई पुटपुटली. हे वाक्य आपण दुसऱ्याच कुणाबद्दल म्हणत आलो, हे तिला बोलल्यावर आठवलं.

आणि पलीकडच्या टेकाडावर घंटा वाजली. तिच्या लेकाचा, बिरदेवाचा कळप वर आला होता. या साली देव बसलेला नव्हता, त्यामुळं कुठंही चरायला मोकळीक होती. मेंढरं तोंडं खाली घालून सरळ उतरणीला लागली होती, सगळी एकमेकांना चिकटून, पुढचीच्या पायावर मागचीचा पाय.

गोजाबाईला ओरडता आलं असतं, मेंढरं वळीव म्हणून. आज वळली असती. उद्या? उद्या ज्ञानबाची आली असती. वाडीला खरं सांगितलं तर लोक आधी तिला हसले असते, मग दिवा बाळाबाईच्या घरी गेला असता, मग माळभर मेंढरं. आणि नाही सांगितलं, तरी पोळ्यापर्यंत देव बसणार नव्हता. बसवणारा मेला होता.

तिनं ठाण्याच्या दिशेला तोंड केलं. "बिरोबा," ती म्हणाली, "राग आला तर माज्यावर काढ. पर येवढी वर्षं तूबी गप बसलास, ध्येनात ठिव."

मग उठली. मांडीएवढा एक दगड धरला. नीलम्मानं दुसरी बाजू उचलली. दोघींनी तो पाखरापासून बेतानं दूर, पण येणाऱ्याला दिसेल असा उभा केला. गोजाबाईनं नीलम्माच्या हातातली पिशवी घेतली, तळहातावर भंडारा ओतला, वर तेल घातलं आणि हात दगडाला लावायला नेला. आणि तसाच थांबवला. तिची पाचही बोटं धड होती.

तिनं मधलं बोट आत मुडपलं.

"जास्त झालं," नीलम्मा डोळे पुसत म्हणाली. "अर्धं सोडा. वरचं पेर तेवढं मुडपा. हां. आता थोडं अंगठ्याकडं कललेलं. तसंच होतं ते."

तिनं जसं सांगितलं तसं गोजाबाईनं बोट धरलं आणि हात दगडावर दाबला. मग छातीत होता नव्हता तेवढा दम घेऊन हाक दिली, "बिरदेवाऽ! मेंढरं वळीव! देव बसलाय हितं!"

वाडी लोटली. शहरातली मंडळीही चिखलातून आली. ज्ञानबा खाली बसला, डोळे बारीक करून बराच वेळ दगड बघत राहिला. गोजाबाईनं हात पदराखाली घेतला होता.

"व्हय," तो शेवटी म्हणाला. "बोट तोकडंच हाय. देवच हाय." मग मान तिरकी केली. "पर हात औंदा जरा बारीक वाटतोय, वयनी."

"मेंढरं वाडली की तुजी," गोजाबाई म्हणाली. "मोजून मोजून हातबी झिजला."

दिवा तिच्याच घरी राहिला. चौथऱ्याचं मात्र जमलं नाही. वीरभद्रप्पानं विषय काढला तेव्हा नीलम्माच म्हणाली, "नको. ह्यांचे दगड आहेत माळावर." कुठले, ते तिनं सांगितलं नाही. वीरभद्रप्पानं तिच्याकडं पाहिलं, गोजाबाईकडं पाहिलं आणि तो टांग्याकडं वळला. दोन बायका एका दिवसात एवढ्या जवळ येतात म्हणजे काहीतरी आहे, असं त्याला वाटलं असावं. त्याचं फारसं चुकलं नव्हतं. त्यानंतर दर महिन्याला सोलापूरहून येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर ठाण्याच्या दिव्यासाठी म्हणून तेलाची बुधली येऊ लागली.

पुढच्या साली आषाढ लागला तशी गोजाबाई सोमवार सोमवार माळावर जाऊ लागली. काम काही नाही. काठी घ्यायची, भाकरी बांधायची, हिंडायचं आणि रिकाम्या हातानं परत यायचं. वाडीवर कुजबूज सुरू झाली. म्हातारी त्या मेलेल्या वाण्याच्या नादाला लागली, असं कुणी म्हणे. बाळाबाई तर कानावर हात ठेवून, थुंकून, आणखी काही म्हणे.

एका सोमवारी ती टेकाडाच्या वाटेला लागली आणि मागं बोरीच्या जाळीत काहीतरी सळसळलं. वारा नव्हता. गोजाबाईनं मान वळवली नाही. खळगीकडं जायचं होतं तिला; तिथं परवापासून मादी एका जागी बसत होती. ती खळगीकडं गेली नाही. ओढ्याकडं वळली. ओढ्याकडनं टेकाडावर गेली, टेकाडावर बसून भाकरी खाल्ली, पुन्हा ओढ्यावर आली. मागची पावलं दमली होती, ते ऐकू येत होतं. त्या दिवशी अप्पालाही असंच सगळं ऐकू आलं असणार. सगळं ऐकून, एकदाही मागं न बघता, त्यानं तिला दिवसभर अंड्यापासून लांब लांब फिरवलं होतं आणि अलगद तिच्याच दारात आणून सोडलं होतं. चालता चालता गोजाबाईला अप्पाच्या आठवणीनं रडू आलं. मेल्यावर एका वर्षानं, पहिल्यांदा.

संध्याकाळी ती आपल्या ओट्यावर येऊन टेकली. थोड्या वेळानं घराच्या मागच्या अंगानं मायाक्का आली, डोक्यावर चार काटक्या, पायात काटे, तोंड उन्हानं लाल झालेलं. काटक्या टाकून ती आत्ताच आल्यासारखी उभी राहिली.

"लई लांबनं सरपण आणलंस गं," गोजाबाई म्हणाली.

"व्हय," मायाक्का म्हणाली. "जवळचं संपलंय."